भाग्यपत्रिका कोण लिहितो?



कबड्डी-खोखोची मैदानं आखणारे आणि टेकन या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेसाठी रात्रभर वायरी जोडणारे एकाच सभागृहात बसले आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्या कामाचा गाभा एकच आहे. कोण कोणाशी, केव्हा आणि कोणत्या क्रमाने खेळणार, हे आपण ठरवतो. आज मला याच कामाविषयी बोलायचं आहे, आणि ते संगणकाकडे गेल्यापासून आपल्या हातात नेमकं काय उरलं याविषयी.

मी मुळात क्रीडाशिक्षिका. बी.पी.एड.च्या वर्गात आम्हाला ११ संघांची भाग्यपत्रिका, म्हणजे कोणाचा सामना कोणाशी याचा तक्ता, काढायला लावत. अकराच्या पुढचा दोनचा घात १६, म्हणून पाच संघांना पुढे चाल, म्हणजे पहिल्या फेरीत न खेळताच थेट दुसरी फेरी. वरच्या अर्ध्यात सहा संघ, खालच्या अर्ध्यात पाच. पहिली पुढे चाल खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या संघाला, दुसरी वरच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, तिसरी खालच्या अर्ध्यातल्या पहिल्याला, चौथी वरच्या अर्ध्यातल्या शेवटच्याला, मग पाचवी पुन्हा खाली. इथल्या कितीतरी जणांना हे आजही तोंडपाठ असेल. आता चॅलॉंज किंवा स्टार्ट डॉट जीजी हे संकेतस्थळ उघडायचं, नावं टाकायची, की काही सेकंदांत ब्रॅकेट, म्हणजेच भाग्यपत्रिका, तयार. निकाल भरला की विजेता आपोआप पुढच्या चौकटीत सरकतो, आणि खेळाडूला आपला पुढचा सामना मोबाइलवर दिसतो. पूर्वी फळ्याभोवती गर्दी व्हायची, खाडाखोड व्हायची, आणि चुकीच्या रेघेवरून भांडणं लागायची. ते संपलं. या साधनांनी लहान संयोजकाला मोठं बळ दिलं आहे. दोन-चार मुलं मिळून आज शंभर जणांची स्पर्धा नीट पार पाडू शकतात.

पण ब्रॅकेट तयार होण्याआधी ती प्रणाली आपल्याकडे एक गोष्ट मागते, ती म्हणजे नावांचा क्रम. चॅलॉंजवर आपण काहीच बदललं नाही, तर ज्या क्रमाने नावं टाकली तोच मानांकनाचा क्रम धरला जातो. म्हणजे सर्वात आधी अर्ज भरणारा पहिला मानांकित. पुढची सगळी मांडणी याच क्रमावर उभी राहते. आठ जणांत एकची गाठ आठशी, चारची पाचशी, तीनची सहाशी, दोनची सातशी. ही मांडणी बिनचूक असते, पण मुळात दिलेला क्रम बरोबर आहे की नाही हे तिला कळण्याची सोय नाही. तो क्रम माणसाने द्यायचा असतो, आणि माणसानेच त्याचं उत्तर द्यायचं असतं.

क्रमाने एवढा काय फरक पडतो, असं काही मित्र विचारतात. सरळ सोडत काढावी, नशीब सगळ्यांना सारखंच. या प्रश्नाचं उत्तर १८८३ साली एका गणितज्ञाने दिलं आहे. चार्ल्स डॉजसन, म्हणजेच ‘अ‍ॅलिस’ लिहिणारे लुइस कॅरोल. इंग्लंडमधल्या लॉन टेनिसच्या स्पर्धांवर त्यांनी एक पुस्तिका लिहिली. ३२ खेळाडूंच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू जिंकणार हे गृहीत धरू. मग दुसरं बक्षीस खरोखर दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला मिळेल का? तो सर्वोत्तम खेळाडूच्या अर्ध्यात पडला, तर अंतिम सामन्याआधीच बाद. दुसऱ्या अर्ध्यात पडण्याची शक्यता ३१ पैकी १६, जेमतेम निम्मी. म्हणजे निव्वळ सोडतीच्या स्पर्धेत उपविजेतेपद जवळपास नाणेफेकीवर ठरतं. डॉजसन यांनी सुचवलेला उपाय असा: खेळाडूपेक्षा वरचढ ठरलेले तीन जण दिसले की मगच तो बाद. आणि ज्याने आपल्याला हरवलं त्याला हरवणाराही आपल्यापेक्षा वरचढ धरायचा. कागदावर हे सांभाळणं फार किचकट होतं. टेनिसने पुढे दुसरा रस्ता धरला. विम्बल्डनने १९२४ मध्ये आधी एकाच देशाचे खेळाडू वेगवेगळ्या भागांत टाकायला सुरुवात केली आणि १९२७ पासून गुणवत्तेवर मानांकन दिलं.

मानांकन ही मोठ्या खेळाडूंची बडदास्त नाही, हे आपण आपल्या कार्यकर्त्यांना समजावलं पाहिजे. त्याचा उपयोग तिसऱ्या, पाचव्या, नवव्या क्रमांकाच्या खेळाडूला होतो. त्याचा क्रमांक त्याच्या खेळाने ठरावा, चिठ्ठीने नव्हे.

मग क्रम आणायचा कुठून? बुद्धिबळाकडे याचं उत्तम उत्तर आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे अर्पाद एलो यांची रेटिंगची पद्धत १९६० मध्ये अमेरिकी बुद्धिबळ महासंघाने आणि १९७० मध्ये फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने स्वीकारली. दोघांत ४०० गुणांचा फरक असेल, तर वरच्या खेळाडूकडून शंभर डावांत साधारण ९१ गुणांची अपेक्षा धरली जाते. आज व्हिडिओ गेममधल्या कितीतरी क्रमवाऱ्यांच्या मुळाशी हाच विचार आहे.

पण रेटिंग त्यालाच मिळतं, जो रेटिंगच्या स्पर्धा खेळतो. पुण्या-मुंबईतला मुलगा महिन्यातून दोन स्पर्धा खेळतो. गडचिरोलीतल्या किंवा नंदुरबारमधल्या मुलीला एका स्पर्धेसाठी रात्रभर एसटीचा प्रवास करावा लागतो. तिच्या नावापुढचा रकाना रिकामा असतो. प्रणाली तिला यादीत तळाला टाकते आणि तळाच्या खेळाडूची पहिली गाठ पहिल्या मानांकिताशी घालते. बाद पद्धत असेल तर सकाळी दहाला सामना आणि साडेदहाला परतीची वाट. पुढच्या वर्षीही रकाना रिकामा, पुन्हा तळ, पुन्हा तोच प्रतिस्पर्धी. मला या प्रकाराची चीड आहे. खेळाडूविषयी माहिती नसणं आणि खेळाडू दुबळा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण रोज त्यांची गल्लत करतो.

यावर उपाय आहेत, आणि ते नवे नाहीत. १८९५ मध्ये झुरिचच्या बुद्धिबळ स्पर्धेत युलियस म्युलर यांनी जी पद्धत प्रथम वापरली, ती आज स्विस म्हणून जगभर चालते. कोणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेले समोरासमोर येतात. पहिल्या फेरीत वरच्या अर्ध्याची गाठ खालच्या अर्ध्याशी पडते. शंभर खेळाडूंत एकची एक्कावन्नशी, शंभराव्याशी नाही. शंभराव्याच्या समोर पन्नासावा येतो. बिनरेटिंगची मुलगी खरोखर तयारीची असेल, तर तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत ती आपल्या जागी पोचलेली असते. पूर्वी फेरीगणिक हाताने जोड्या लावताना पंचांचा जीव मेटाकुटीला यायचा. आता स्विस-मॅनेजरसारखी प्रणाली ते काम करते. संगणकाने आपल्याला दिलेली खरी देणगी मी हिलाच मानते. हीच पद्धत काउंटर-स्ट्राइक या व्हिडिओ गेमच्या मोठ्या स्पर्धांनीही उचलली: १६ संघ, तीन विजय मिळाले की पुढे, तीन पराभव झाले की घरी, एकूण ३३ सामने.

फायटिंग गेमवाल्यांनी दुसरा मार्ग काढला, डबल एलिमिनेशनचा. पहिली हार झाली की लोअर ब्रॅकेट, दुसरी झाली की बाद. भाडं खर्चून आलेल्या प्रत्येकाला निदान दोन सामने मिळतात. २००४ साली कॅलिफोर्नियात पोमोनाला झालेल्या इव्हो स्पर्धेतला दाइगो उमेहारा आणि जस्टिन वाँग यांचा ‘थर्ड स्ट्राइक’चा सामना इथल्या तरुणांपैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. दाइगोची केवळ रेघभर ताकद उरलेली, समोरून वाँगच्या चुन-ली या पात्राच्या लाथांचा वर्षाव, आणि त्याने एकेक लाथ अचूक परतवली. तो लोअर ब्रॅकेटचा अंतिम सामना होता. दोघेही आधी एकेकदा हरलेले होते. बाद पद्धत असती तर तो सामना झालाच नसता.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. रविवारच्या स्पर्धेला ३७ प्रवेशिका आल्या आहेत असं समजा. ब्रॅकेट ६४ चं होणार, २७ जणांना पुढे चाल, पहिल्या फेरीत फक्त पाच सामने. डबल एलिमिनेशनमध्ये एकूण ७२ सामने, अंतिम सामना पुन्हा खेळवावा लागला तर ७३. आपल्याकडे चार सेटअप, म्हणजे गेम खेळायचे चार संच, आहेत आणि एका सामन्याला पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे एकही सेटअप क्षणभर रिकामा राहिला नाही, तरी साडेचार तास. प्रत्यक्षात तसं कधी होत नाही, कारण लोअर ब्रॅकेटमधला खेळाडू वरचा सामना संपण्याची वाट पाहत बसलेला असतो. साताऱ्याहून आलेल्यांची शेवटची गाडी किती वाजता आहे, सभागृह कधी रिकामं करायचं आहे, एकाच गाडीतून आलेले तीन मित्र एकाच कोपऱ्यात तर पडले नाहीत ना, हे त्या यादीत लिहिलेलं नसतं. शनिवारी रात्री यादी समोर घेऊन कोणीतरी शांतपणे बसलं पाहिजे आणि हे सगळं पाहिलं पाहिजे. गावाचा, क्लबचा रकाना भरून घेतला तर हे काम पाव वेळात होतं.

चेक-इनचं, म्हणजे हजेरी नोंदवण्याचंही तसंच. दुसरा मानांकित आलाच नाही, तर त्याच्या वाट्याचा सगळा पाव भाग सोपा होतो आणि भलत्याच कोणाला तरी फुकट उपांत्य फेरी मिळते. म्हणून चेक-इन बंद झाल्यावर एकदा फेरमांडणी करावी, आणि पहिला सामना सुरू झाल्यावर कोणासाठीही, कितीही मोठ्या नावासाठी, करू नये.

मांडणी चुकली की भले खेळाडूही वाकडे वागतात. ३१ जुलै २०१२, लंडन ऑलिंपिक, वेम्बली अरीना. बॅडमिंटनमध्ये त्या वर्षी प्रथमच आधी गट-साखळी आणि मग बाद फेरी ठेवली होती. बाद फेरीचे रस्ते आधीच आखलेले होते. गटात दुसरं आलं तर सोपा रस्ता मिळतो, हे सगळ्यांना दिसत होतं. महिला दुहेरीत चीन आणि दक्षिण कोरियाच्या जोड्या मुद्दाम सर्व्हिस जाळ्यात मारू लागल्या. त्यानंतर दुसरी कोरियन जोडी आणि इंडोनेशियाची जोडी यांनीही तेच केलं. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी आठही जणी अपात्र ठरल्या. भारतालाही या मांडणीची झळ बसली. आपल्या गटातल्या जपान–चिनी तैपेई सामन्यावर भारताने आक्षेप घेतला होता, तो फेटाळला गेला आणि गुणफरकाच्या हिशेबात ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा बाहेर गेल्या. त्या आठ जणींतली ग्रेशिया पोलीई पुढे टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकली, म्हणजे ती खेळाडू कच्ची नव्हती. शिक्षा खेळाडूंना झाली हे योग्यच. पण हरण्यात फायदा असलेली मांडणी ज्यांनी केली, त्यांचं नाव कोणाच्या लक्षात नाही. ते नाव आपल्यासारख्यांचं असतं.

२०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा प्रकारात स्थान दिलं, २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याची पदकं दिली गेली, आणि २०२५ च्या कायद्याने पैशाच्या खेळांपासून त्याला वेगळं काढलं. आता जिल्हा, राज्य अशा निवड स्पर्धा वाढत जातील. निवड आली की पालक येतील, तक्रारी येतील, न्यायालयंही येतील. तेव्हा ‘सॉफ्टवेअरने असं लावलं’ हे उत्तर चालणार नाही, आणि चालूही नये.

म्हणून दुपारच्या सत्रात मी तीन ठराव मांडणार आहे. मानांकनाचे निकष स्पर्धेच्या परिपत्रकातच छापावेत, प्रवेशिका येण्याआधी. मानांकन करणाऱ्याचं नाव ब्रॅकेटखाली असावं, आणि ज्या क्लबशी त्याचा संबंध आहे त्याच्या खेळाडूंचा क्रम दुसऱ्याने लावावा. जिल्हा पातळीवर, जिथे निम्म्याहून जास्त खेळाडूंचा पूर्वेतिहास उपलब्ध नाही, तिथे सुरुवातीच्या फेऱ्या स्विस पद्धतीनेच व्हाव्यात. गट-साखळी ठेवलीच, तर शेवटच्या फेरीचे सगळे सामने एकाच वेळी सुरू व्हावेत आणि बाद फेरीची सोडत त्यानंतर सर्वांसमोर काढावी. हा मुद्दा तिसऱ्या ठरावाचं पोटकलम म्हणून घातला आहे. मसुद्याच्या प्रती नोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत. स्विसच्या फेऱ्यांना वेळ जास्त लागतो आणि सभागृहाचं भाडं वाढतं, ही विदर्भातल्या प्रतिनिधींची हरकत मला माहीत आहे. चर्चेची सुरुवात त्यांच्यापासूनच करावी, अशी विनंती करून मी थांबते.