नव्या घरात वाढीव पैसा कुठे घालावा



घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून गायमुखापर्यंत जा, कल्याण-शिळ रस्त्याने जा, नाहीतर खडकपाडा-गंधारेकडून टिटवाळ्याच्या दिशेने जा. सगळीकडे टॉवर चढताहेत आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी एक थंडगार सॅम्पल फ्लॅट आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा खर्च तिथे, एखाद्या रविवारी दुपारी, दीड-दोन तासांत ठरतो. मूळ किंमत ठरली की दुसरा कागद पुढे येतो. वरच्या मजल्यासाठी फ्लोअर राइज, पार्किंग, मॉड्युलर किचन, मोठ्या टाइल्स, फॉल्स सीलिंग, मोबाइलवरून लागणारे दिवे. प्रत्येक ओळीपुढे एक रक्कम. नवरा-बायको एकमेकांकडे बघतात, विक्री करणारा मुलगा म्हणतो, "सर, ईएमआयमध्ये फारसा फरक पडत नाही." आणि खुणा होतात.

आज मी बोलणार आहे ते या दुसऱ्या कागदाबद्दल. वास्तुविशारद म्हणून या पट्ट्यात काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. बिल्डरला वाढीव पैसे द्यायचेच असतील तर ते भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली जाणाऱ्या गोष्टींसाठी द्यावेत. जे वरून लावता येतं, ते राहायला गेल्यावर एक पावसाळा त्या घरात काढून मग लावावं.

पण त्या कागदाला हात लावण्याआधी एक काम आहे. ते न करता केलेली सगळी सजावट वाया जाऊ शकते. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या 65 बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला, हे आपण सगळ्यांनी वाचलं. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून त्या इमारतींना महारेराची नोंदणी मिळवली गेली होती. तिथे घर घेणाऱ्यांनी काय चूक केली होती? त्यांनी नोंदणी क्रमांक पाहिला होता, अनेकांनी बँकेचं कर्ज काढलं होतं. हजारो कुटुंबांच्या डोक्यावर एकदम टांगती तलवार आली. त्या घरांतही कुणीतरी हौसेने ग्रॅनाइटचा ओटा करून घेतला असेल, मुलांच्या खोलीला रंग निवडला असेल. म्हणून माझी पहिली विनंती ही की महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प दिसला एवढ्यावर थांबू नका. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, ज्याला आपण सीसी म्हणतो, त्याची प्रत मागा आणि तिच्यावरचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जा. सीसी कितव्या मजल्यापर्यंतची आहे तेही बघा. एक दिवसाची रजा टाकावी लागेल, ती टाका.

आता भिंतीकडे वळू. चाळीत किंवा ऐंशीच्या दशकातल्या डोंबिवलीच्या इमारतीत वाढलेल्या माणसाला भिंत म्हणजे विटांची, हे गृहीतच असतं. नवा पॉइंट हवा असेल तर वायरमन येतो, छिन्नी-हातोड्याने भिंत कापतो, पाइप बसवतो, वर प्लास्टर. आज ठाण्या-कल्याणातल्या अनेक उंच इमारती मायवान पद्धतीने बांधल्या जातात. म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे उभे करायचे आणि भिंती व स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओतायचे. काम झपाट्याने होतं, भिंती सरळ येतात, हे सगळं खरं. पण यात घरातल्या आतल्या भिंतीही बऱ्याचदा सळया घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्या पेलतात. ती भिंत नंतर कापणं म्हणजे आपल्या आणि वरखालच्या बिऱ्हाडांच्या जिवाशी खेळणं. विजेच्या नळ्या काँक्रीट ओतण्याआधी साच्यात बांधल्या जातात. त्या दिवशी जे आत गेलं ते गेलं. नंतर हवं असेल तर भिंतीवरून प्लास्टिकची पट्टी फिरवायची, दुसरा मार्ग नाही.

म्हणून बुकिंगच्या वेळी पहिला प्रश्न विचारा: बांधकाम मायवानचं आहे का, आणि माझ्या मजल्याचा स्लॅब पडायला किती अवधी आहे? स्लॅब पडला असेल तर अर्धी चर्चा तिथेच संपली. पडायचा असेल तर विजेच्या पॉइंटचा नकाशा मागा. तो मागणारा ग्राहक क्वचित येतो, त्यामुळे साइट ऑफिसमध्ये थोडी कुरकुर होईल. नकाशा घरी न्या आणि रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसासमोर ठेवा. मिक्सर, फ्रिज, पाण्याचा फिल्टर, ओव्हन, इंडक्शन हे सगळं एकाच वेळी कुठे चालतं, हे तिला किंवा त्याला माहीत असतं. ओट्याच्या वर 16 अँपिअरचे पुरेसे सॉकेट हवेत. ते नसले की वर्षानुवर्षं एक्स्टेन्शनची वायर ओल्या ओट्यावरून जाते. एसी आज एक घेणार असलात तरी प्रत्येक खोलीत एसीचा पॉइंट आणि त्याच्या पाण्याची निचरा-नळी आतून काढून घ्या. एसी आणि गिझरच्या लाइनला 4 चौरस मिलिमीटरची तार, साध्या प्लगना अडीचची, आणि मुख्य बोर्डात 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी आहे का, हे लेखी विचारा. धक्का बसला तर माणसाला वाचवतं ते हे उपकरण. इन्व्हर्टरची वेगळी लाइन घ्या. काँक्रीटच्या भिंतीतून वायफाय नीट जात नाही, घरून काम करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. म्हणून दिवाणखान्यापासून झोपायच्या खोल्यांपर्यंत एक रिकामी नळी तरी टाकून घ्या. रिकाम्या नळीला खर्च नगण्य येतो. मीटर खोलीपासून आपल्या पार्किंगपर्यंत अशीच सोय झाली तर विजेची गाडी घेताना सोसायटीच्या सभेत हात जोडत बसावं लागणार नाही.

आता पाणी. आपल्याकडे वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. इथली घरं आतून आणि बाहेरून पाण्याशी झगडत असतात. बाथरूमची टाइल कोणत्या रंगाची यावर घरात आठवडाभर वाद होतो, पण टाइलखालच्या वॉटरप्रूफिंगबद्दल कुणी विचारत नाही. फरशी बसवण्याआधी पाणी भरून ठेवून गळती तपासतात. ती चाचणी तुमच्या फ्लॅटची झाली का, कधी झाली, तिचा फोटो आहे का, हे विचारा. आणि माझं स्पष्ट मत आहे की ताबा घेतल्यावर बाथरूमची फरशी फोडून नवी बसवू नये. ती फोडली की खालचा थर दुखावतो. मग खालच्या मजल्यावर ओल आली की बिल्डर म्हणतो, तुम्ही फोडलंत, आता जबाबदारी तुमची. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणेही दोन सदनिकांमधल्या बाथरूम-संडासाच्या गळतीचा खर्च सदस्यांवर पडतो. वेगळी टाइल हवीच असेल तर ती बिल्डरकडूनच, फरशी बसण्याआधी घ्या. इथे वाढीव पैसे देण्यात शहाणपण आहे. निवडताना चकाकीपेक्षा पाय घसरतो का ते बघा.

या बाथरूमपाशी मला थोडं थांबायचं आहे. आपण घर घेतो पस्तिशीत, कर्ज फिटतं पंचावन्न-साठीत, आणि आईवडील बरोबर राहायला येतात त्याच्या मधल्या काळात. बाथरूमचा दरवाजा इतका अरुंद असतो की व्हीलचेअर आत जात नाही, आणि उंबरा असा की वॉकर अडखळतो. मायवानच्या भिंतीत तो दरवाजा नंतर रुंद करता येत नाही. स्लॅब पडण्याआधी एका तरी बाथरूमचा दरवाजा रुंद मिळतो का, विचारून बघा. बहुतेक ठिकाणी नकार मिळेल, कारण साचे ठरलेले असतात. मग निदान दरवाजा रुंद असलेला फ्लॅट निवडता येतो. कमोडशेजारी आधाराचा दांडा बसवायला भिंत भक्कम आहे का आणि तिच्यातून पाण्याची नळी गेली आहे का, हे नकाशावर टिपून ठेवा. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन ज्या घराने अनुभवलं आहे, त्या घराला मी हे का सांगते आहे ते कळेल.

खिडक्यांबाबत आपला भाग इतरांपेक्षा वेगळा आहे. 26 मे 2016 आणि 23 मे 2024 या दोन दिवशी डोंबिवली एमआयडीसीत रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले. माणसं गेली, आणि आजूबाजूच्या वस्तीतल्या घरांच्या काचा फुटल्या. साधी काच फुटली की तिचे सुऱ्यासारखे तुकडे होतात. टफन्ड काचेचे बोथट बारीक तुकडे होतात, आणि लॅमिनेटेड काच फुटली तरी मधल्या पातळ थराला चिकटून राहते. औद्योगिक पट्ट्याजवळ घर घेत असाल तर मोठ्या खिडक्यांना अशी काच मागणं ही चैन नव्हे. बाकी सगळ्यांसाठी, तीन ट्रॅकची खिडकी घ्या, म्हणजे तिसऱ्या ट्रॅकमध्ये मच्छरदाणीची जाळी बसते. खिडकीच्या दगडी चौकटीला बाहेरच्या बाजूला उतार आहे का हे पाहा. उतार उलटा असला की आषाढात पलंगाखाली पाणी येतं.

मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, फॉल्स सीलिंग, आवाजाने लागणारे दिवे हे सगळं बिल्डरकडून घेण्याचं मला एकही कारण दिसत नाही. त्याच्याकडे निवड कमी, भाव जास्त. हिशेब बघा. साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी घेतलेल्या एक लाखाच्या कर्जाचा हप्ता महिन्याला सुमारे 868 रुपये होतो आणि शेवटी आपण सुमारे 2 लाख 8 हजार भरतो. म्हणजे किमतीत धरलेलं तीन लाखांचं किचन सव्वासहा लाखांना पडतं. आपल्या दमट हवेत त्याच्या फळ्या दहा-बारा वर्षांत फुगतात, हप्ते मात्र चालूच असतात. भिंतीतली तार तेवढी वर्षं आणि पुढेही काम देते, म्हणून तिच्यासाठी कर्ज काढणं मला पटतं.

डोंबिवली-कल्याणात घर घेणाऱ्यांनी कराचाही एक हिशेब करावा. बांधकाम चालू असलेल्या घरावर आजच्या नियमाने जीएसटी 5 टक्के आहे, पण चटई क्षेत्र 60 चौरस मीटरपर्यंत आणि एकूण किंमत 45 लाखांपर्यंत असेल तर 1 टक्का. पार्किंग, वरच्या मजल्याचे वाढीव पैसे, विकास शुल्क हे सगळं त्या किमतीत मोजलं जातं. समजा घर 44 लाखांचं आहे, तर कर 44 हजार. दीड लाखाच्या वाढीव कामांनी किंमत साडेपंचेचाळीस लाख झाली की कर 2 लाख 27 हजार 500. दीड लाखाच्या हौसेवर एक लाख 83 हजारांहून अधिक कर! भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर हा कर नसतो, तेही लक्षात असू द्या.

पार्किंगचं थोडक्यात सांगते. उघड्यावरचं पार्किंग रेरा कायद्याने सामाईक जागेत येतं, ते विकता येत नाही. छताखालचं घेणार असाल तर त्याचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची करारात लिहून घ्या. आणि उल्हास किंवा वालधुनीच्या काठाजवळ असाल तर मीटर खोली जमिनीपासून किती उंच आहे ते डोळ्यांनी बघा. 26 जुलै 2005 ला तळमजल्यांत शिरलेलं पाणी ज्यांनी पाहिलं, त्यांना हे सांगावं लागत नाही.

जे ठरेल ते लिहून घ्या. "करून देऊ साहेब" याला काही किंमत नाही. रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे तुमच्या संमतीशिवाय बिल्डरला ठरलेल्या वस्तू आणि सोयी बदलता येत नाहीत, पण काय ठरलं होतं हे करारनाम्याच्या जोडपत्रात असेल तरच ते दाखवता येतं. कंपनीचं नाव, तारेची जाडी, काचेचा प्रकार, पॉइंटची संख्या, सगळं तिथे हवं. वाढीव कामामुळे ताबा लांबणार असेल तर तेही. त्याच कलमाप्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने 30 दिवसांत, पैसे न घेता, तो दुरुस्त करायचा असतो. पहिल्या पावसाळ्यात भिंतीवर ओल दिसली तर फोटो काढा आणि त्याच आठवड्यात लेखी कळवा. करार नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागणं कायद्यात बसत नाही, तेव्हा एक्स्ट्रा वर्कच्या नावाखाली वेगळी पावती फाडली जात असेल तर थांबा.

खोणी-शिरढोणला म्हाडाच्या सोडतीत घर लागलेली मंडळी विचारतील की आमच्यापुढे हा दुसरा कागद येतच नाही, आमचं काय? त्यांनाही मी हाच क्रम सांगेन. राहायला जाण्याआधी विजेचा मुख्य बोर्ड तपासून घ्या आणि खिडक्यांच्या कडा सिलंटने बंद करा. सोफा आणि टीव्हीचं युनिट दिवाळीनंतर घ्या.

आणि ज्यांचा या रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायचा बेत आहे, त्यांनी त्या दिवशी कुठेही सही करू नये. सीसीची प्रत, विजेच्या पॉइंटचा नकाशा आणि करारनाम्याचा मसुदा मागून घरी आणावा, घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावा, शंका लिहून काढाव्यात. हे तीन कागद द्यायला जो बिल्डर तयार नसेल, त्याच्याकडे घर घेऊ नका.