अपघाताची वही

भांडी राहिली असतील तर राहू द्या, थोडा वेळ आमच्याजवळ बसा. न्हावऱ्याहून केडगाव चौफुल्याकडं जो रस्ता जातो, त्या रस्त्यालगतच्या एका गावातल्या बचत गटाच्या आम्ही बाया. गटाचं हिशोबाचं रजिस्टर असतं, तसं तुमच्याकडंही असेल. आमच्याकडं त्याच्या जोडीला आणखी एक वही आहे. शंभर पानी, शाळेतल्या पोरांची असते तसली. तिच्यात पैसे नाहीत. आमच्या रस्त्यावर कोण, कधी, कुठं पडलं, ते तिच्यात लिहिलेलं आहे.

ही वही का सुरू झाली ते आधी सांगतो. आमच्या गटात एक वहिनी आहेत. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. मळ्यातून मालकांच्या मोटारसायकलवर मागं बसून घरी निघाल्या होत्या. संध्याकाळचे सात वाजलेले. पुढं उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी. मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही, चार दगड तेवढे मांडलेले. समोरून आलेल्या गाडीचा उजेड डोळ्यांवर पडला आणि मोटारसायकल थेट ट्रॉलीत गेली. मालकांचं खरचटण्यावर भागलं. वहिनींच्या मांडीचं हाड मोडलं.

पुढं जे झालं ते तुमच्याही गावात होत असेल. ट्रॉलीवाला ओळखीचा निघाला. जाणते मध्ये पडले. ‘कशाला पोलीस, आपलाच माणूस आहे,’ म्हणून थोडे पैसे हातावर टेकवले आणि मिटवलं. दवाखान्यात केसपेपर काढताना घरच्यांनीच सांगितलं, अंगणात पाय घसरून पडली. चार महिन्यांनी मांडीत बसवलेल्या सळईपाशी पू झाला, दुसरं ऑपरेशन आलं. दागिने मोडले, गटातून कर्ज काढलं. तेव्हा कुठं भरपाई मिळते का ते विचारायला आम्ही वकीलबाईंकडं गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, गुन्हा नोंदवला का? नाही. पंचनामा? नाही. केसपेपर वाचून त्या म्हणाल्या, इथं तर घरात पडल्याचं लिहिलंय. म्हणजे वहिनी आमच्यासमोर काठी टेकून उभ्या होत्या आणि कागदावर त्यांचा अपघात झालाच नव्हता.

त्याच बाईंनी आम्हाला दुसरी गोष्ट समजावली. रस्त्यावरची एखादी जागा धोक्याची, म्हणजे सरकारच्या भाषेत ‘ब्लॅक स्पॉट’ कधी ठरते? केंद्र सरकारचं माप असं आहे : साधारण पाचशे मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत माणूस दगावण्याचे किंवा गंभीर जखमी होण्याचे पाच अपघात झाले, किंवा तीन वर्षांत दहा माणसं गेली, तर ती जागा ब्लॅक स्पॉट. मग तिथं दुरुस्तीचा विचार होतो. आणि हे पाच किंवा दहा कुठून मोजायचे, तर पोलिसांच्या नोंदीतून. आमच्या फाट्यावर माणसं दर हंगामात पडतात, पण आपण दरवेळी आपसात मिटवतो. मग वरून बघणाऱ्याला आमचा फाटा चांगलाच दिसणार की! त्या दिवशी येताना टमटममध्येच ठरलं, आपण लिहून ठेवायचं.

वहीचं एक वर्ष भरलं तेव्हा आम्ही महिन्याप्रमाणे पानं लावून बघितली. आमच्या सगळ्यांची समजूत होती की अपघात पावसाळ्यात जास्त. चिखल, खड्डे, घसरडं. पावसाळ्याच्या पानांवर पडझड आहेच, पण ती जास्त करून घसरण्याची आहे. गुडघा फुटला, हात मुरगळला. हाडं मोडल्याची आणि माणूस गेल्याची पानं दिवाळीनंतर सुरू होतात आणि कारखान्यांचे पट्टे पडेपर्यंत थांबत नाहीत. त्या दिवसांत रस्ता कोरडा असतो, आभाळ निरभ्र असतं. आधी वाटलं आपलंच काही चुकलं. पण देशाचा हिशोबही असाच आहे. केंद्राच्या २०२२ च्या अहवालात चारातले जवळजवळ तीन अपघात स्वच्छ हवेत झालेले आहेत, आणि निम्म्याहून कितीतरी जास्त सरळ रस्त्यावर. वेळ बघाल तर संध्याकाळी सहा ते रात्री नऊ ही सगळ्यात वाईट. धार काढून दूध घालायला जायची, बाजारातून परतायची, कंपनीतून सुटायची हीच वेळ. त्या एका वर्षात आपल्या महाराष्ट्रात रस्त्यावर १५,२२४ माणसं गेली. रोजची चाळीसच्या वर.

आमच्याकडं हिवाळ्यात असं का होतं, ते वही वाचून कळलं. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके उसाचे. कारखाने पेटले की ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ट्रक, टायरगाड्या, सगळं याच रस्त्यावर. दिवस लहान, सहाला अंधार. भीमेच्या काठानं पहाटे धुकं, त्यात कुणी पाचट पेटवलेलं असलं तर धूर. मोटारसायकल ताशी साठच्या वेगानं असली तर एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत पन्नास मीटर. दिव्याच्या उजेडात बिनपट्टीची ट्रॉली दिसते तेव्हा तेवढंही अंतर उरलेलं नसतं. चालवणारा कितीही हुशार असो, त्याला ब्रेक दाबायला जागाच नसते. म्हणून ‘पोरं बेफाम चालवतात’ एवढं म्हणून आम्ही आता गप्प बसत नाही. पोरं बेफाम चालवतात हे खरं आहे, आणि ट्रॉलीला पट्टी नव्हती हेही खरं आहे.

वहीतलं १ जानेवारीचं पान वेगळंच आहे. कोरेगाव भीमाला जयस्तंभाला मानवंदना द्यायला लाखो माणसं येतात. गर्दीच्या सोयीसाठी नगरकडून पुण्याला जाणारी जड वाहनं शिरूरवरून न्हावरा, पारगाव, चौफुला, यवत अशी वळवतात. तिकडची व्यवस्था चांगली असते. पण वळवलेली सगळी वाहनं ऐन गळीत हंगामात आमच्या दारावरून जातात, आणि आमच्या फाट्यावर शिट्टी वाजवायला एक माणूस नसतो. याच्या उलट जून-जुलैचं पान बघा. तुकोबारायांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड करत रोटी घाटातून बारामतीकडं जाते. रस्त्यावर मुंग्यांसारखी माणसं. तरी त्या दिवसांत आमच्या माहितीतलं कुणी पडलं नाही. वाहनं दुसरीकडून काढलेली असतात, पोलीस असतात, सगळं सावकाश चाललेलं असतं. ‘लिहिलेलं कुणाला चुकत नाही,’ असं आमच्या सासवा म्हणायच्या. आम्ही त्यांना पालखीचं पान वाचून दाखवलं.

काही दिवस वहीत नसले तरी मनात असतात. २० जुलै २०१९. यवतची कॉलेजात जाणारी नऊ पोरं रायगड बघून परत येत होती. मध्यरात्र उलटून गेलेली. कदमवाक वस्तीजवळ त्यांची गाडी दुभाजक ओलांडून समोरच्या ट्रकवर गेली. नऊच्या नऊ गेली. घर काही फार लांब राहिलं नव्हतं. तेव्हापासून पोरं सहलीला निघाली की आम्ही एकच अट घालतो : रात्र झाली तर जिथं असाल तिथं मुक्काम करा, सकाळी या. पोरं कुरकुरतात, आम्ही बधत नाही.

आणि ११ ऑगस्ट २०२५. श्रावणातला सोमवार. शेजारच्या खेड तालुक्यात पापळवाडीच्या बाया कुंडेश्वराच्या दर्शनाला पिकअपमधून निघाल्या होत्या. चढाला पिकअप मागं आली आणि खाली गेली. निदान दहाजणींचा जीव गेला. ही बातमी ऐकली त्या दिवशी आमच्या गटात कुणी जेवलं नाही, कारण आम्हीही तशाच जातो. देवाला तशाच जातो, आणि रोज कामालाही तशाच जातो. शिरूरच्या भागात कांदा लागवड सुरू झाली की पहाटे एका पिकअपमध्ये तीस-तीस बाया उभ्यानं. पिकअप माल वाहायची गाडी आहे. तिच्यात बसलेल्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर विमा कंपनी सहसा हात वर करते, हे आम्हाला वकीलबाईंकडूनच कळलं. आम्ही मुकादमाला म्हटलं, बसायची गाडी आण. तो म्हणाला, परवडत नाही. शेवटी ठरलं ते एवढंच : फाळका बंद, उभं राहायचं नाही, पंधराच्या वर बाई नाही, नाहीतर दोन खेपा कर. पिकअपमधनं जाणं हेच चूक आहे हे आम्हाला माहीत आहे. हे अर्धवट आहे. पण मजुरी बुडवून घरी बसा असं आम्ही कोणत्या तोंडानं सांगणार?

मागं बसणाऱ्या बायांसाठी दोन शब्द. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, मागं बसणाऱ्यालाही. आमच्या घरात एक हेल्मेट असतं आणि ते धन्याच्या डोक्यावर असतं. बहुतेक वेळा तेही आरशाला अडकवलेलं. आयएसआय शिक्का बघून दुसरं घ्या. मागच्या चाकाला निम्मं चाक झाकणारी जाळी असायला हवी, नियमातच आहे. नवी गाडी घेताना पोरं ती ‘शोभत नाही’ म्हणून काढून टाकतात. पदर नाहीतर ओढणी चाकात गेली म्हणजे काय होतं ते आमच्या वहीत दोनदा लिहिलेलं आहे, ते आम्ही रेडिओवर वाचत नाही.

आता पैशाचं, कारण वहिनींचं सगळं तिथंच बिघडलं. अपघात झाला की १०८ ला फोन, ११२ ला फोन. जखमीला उचलून नेणाऱ्याला पोलीस अडकवत नाहीत, कायद्यानंच त्याला संरक्षण दिलंय. केसपेपरवर खरं लिहा, रस्त्यावर अपघात, कुठं, किती वाजता. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे : ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत बिनपैशाचे उपचार. तिथंही पोलिसांची नोंद लागतेच. ठोकून पळालेलं वाहन सापडलंच नाही, तरी माणूस गेला तर दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसील कचेरीत. नावावर सातबारा असलेल्या शेतकऱ्याला किंवा घरातल्या एकाला अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून मृत्यूला दोन लाख. कागद तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं महिन्याच्या आत द्या. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावायचा तर सहा महिन्यांच्या आत लावा. आणि दाव्यात बाईच्या नावापुढं ‘काही करत नाही’ असं लिहू देऊ नका. घरच्या बाईच्या कामाचं मोल धरून भरपाई द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयानं ५ जानेवारी २०२१ च्या निकालात सांगितलंय.

वहीचा उपयोग काय झाला, असं तुम्ही विचाराल. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही ती वाचली. आधी हसले. मग एकेकाला आपल्या घरचं पान ऐकू आलं आणि हसायचे थांबले. गतिरोधक मागितला तर साहेब म्हणाले, राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक टाकता येत नाही, पण रंबलर पट्ट्या आणि लुकलुकणारा दिवा देता येतो. पट्ट्या आल्या. दिवा अजून यायचाय, आमचा अर्ज तिसऱ्यांदा गेलाय. कारखान्याच्या शेतकी खात्यानं ट्रॉल्यांना लाल पट्ट्या लावल्या, फोटोही काढले. महिन्याभरात चिखलानं त्या दिसेनाशा झाल्या. आता आमच्यातल्या दोघी फाट्यावर ओलं फडकं घेऊन उभ्या राहतात, ट्रॉली थांबली की पट्टी पुसतात. ड्रायव्हर आधी चिडायचे. ऊसतोडीच्या बाया मात्र लगेच उतरून पुसू लागल्या. ट्रॉलीवर त्यांचीच लेकरं झोपलेली असतात. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटायचे नाहीत, चमकणारी लाल पट्टी वाण म्हणून द्यायची, असं ठरलंय. प्रत्येकीनं आपल्या घरच्या ट्रॉलीला, बैलगाडीला, सायकलीला लावायची.

तुम्हालाही वही सुरू करायची असेल तर रकाने सांगतो, पेन घ्या. तारीख आणि वार. वेळ. जागा, जवळची खूण धरून : फाटा, पूल, वडाचं झाड, किलोमीटरचा दगड. कोणती वाहनं. उजेड होता का, मागचा दिवा-पट्टी होती का. हेल्मेट होतं का. काय लागलं. दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलं. पोलिसांत नोंद झाली का. नसेल तर कुणी नको म्हटलं. आणि शेवटचा रकाना खर्चाचा, त्यात गटाचं कर्जही धरा. नावं लिहू नका, भांडणं होतात. आमची वही सध्या वहिनींकडं असते. काही राहिलं की त्या रात्री नऊला फोन करून विचारतात.