परळमध्ये आपले स्वागत



वाढत्या अर्थव्यवस्थेतील भांडवल, राजकारण आणि वर्ग यांवर बोलायला आपण परळला जमलात, याचा स्वागताध्यक्ष म्हणून मला आनंद आहे.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख कापड गिरणी कामगारांनी संप सुरू केला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. संप मोडला, तरी 1984 साली देशभर काँग्रेसची लाट असताना या भागाने, म्हणजे गिरणगावाने, संपाचे नेते दत्ता सामंत यांना लोकसभेवर पाठवले. खासदार मिळाला, गिरणीतली नोकरी मात्र अनेकांना परत मिळाली नाही.

1991 म्हटले की आपल्याला दिल्लीतला उदारीकरणाचा अर्थसंकल्प आठवतो. गिरणगावाचे भवितव्य ठरले ते त्याच वर्षीच्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत. तिच्या 58व्या नियमाने पुनर्विकासात गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एकेक तृतीयांश वाटा महापालिका, म्हाडा हे गृहनिर्माण प्राधिकरण आणि गिरणीमालक यांना ठरवून दिला. 2001 मध्ये दुरुस्ती आली: वाटणी फक्त मुळातच रिकाम्या असलेल्या जमिनीची करायची. शेडमागे शेड उभ्या असलेल्या आवारात रिकामी जमीन असते ती कितीशी? 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती ग्राह्य धरली. भांडवलशाही म्हणजे सरकारने बाजूला होणे, असे सांगणाऱ्यांनी हा नियम एकदा वाचावा.

आणि आम्हा युनियनवाल्यांनीही थोडे मागे वळून पाहावे. गिरण्यांच्या विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला तिथे मज्जाव होता. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे युनियनच्या पुढाऱ्यांना त्याची दखल घ्यावी लागली. ‘कामगार सारा एक’ ही घोषणा द्यायला सोपी होती.

आज गिरण्यांच्या त्याच जमिनीवर मॉल आणि टॉवर आहेत. गिरणी कामगाराचा एक नातू तिथे वरच्या मजल्यावर संगणकापुढे बसतो, दुसरा फाटकावर कंत्राटी रखवालदार आहे. विचारलेत तर दोघेही स्वतःला मध्यमवर्गीय म्हणतील. वाढीचा दर दोघेही एकाच बातमीत ऐकतात. पगाराची खात्री मात्र एकालाच, तीही अलीकडे डळमळीत. या दोघांना एकत्र आणणारी भाषा जात-धर्माच्या राजकारणाला सापडते, आपल्याला का सापडत नाही, याचा शोध या संमेलनाने घ्यावा असे मला वाटते.

दुपारच्या सत्रात कंत्राटी कामगार स्वतः बोलणार आहेत. प्राध्यापक मंडळींनी आपली भाषणे आवरती घेऊन त्यांना पुरेसा वेळ द्यावा, ही विनंती.