पिशवीशिवाय

गेल्या महिन्यात आम्ही आठजणी पुण्यात शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंत पायी भटकलो. काम काहीच नव्हतं. एकच अट होती, कुणीही हातात पिशवी घ्यायची नाही. बाजाराची पिशवी हा आपला रस्त्यावरचा परवाना असतो, तो घरी ठेवून बघायचं होतं.

दिल्ली दरवाज्यासमोर अडचण आली नाही. १७३२ साली वाड्याची वास्तुशांत झाली, १८२८ च्या आगीत आतले महाल गेले. उरलंय ते बघणाऱ्या बाईला कुणी हटकत नाही. बुधवारात शिरलो आणि नजरा बदलल्या. या पेठेत धंदा करणाऱ्या बायकांची वस्ती आहे. चौकात पाच मिनिटं थांबलो, तर एकाने विचारलंच, "कुणाची वाट बघताय?" आमच्यातली एक पटकन म्हणाली, "आम्ही तसल्या नाही हो!" यावर आम्ही तिथेच वाद घातला. 'तसल्या' म्हणून कुणाला तरी वेगळं काढलं की मगच आपल्याला उभं राहायची मुभा मिळते, हे आपण का मान्य करायचं?

तिथून भिडेवाड्याची जागा जवळच. १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली ती इथे. शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंवर याच पेठांतून शेण-चिखल फेकला गेला. स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये जुना वाडा पाडला.

तुळशीबागेत मात्र "या ताई, बघा ताई!" बांगड्या, भांडी, भातुकली, गिऱ्हाईक म्हणून आपलं केवढं अगत्य! टेकायचं म्हटलं तर राममंदिराचं आवार, बाकी ठिकाणी नुसतं चालत राहा.

मंडईची इमारत १८८६ ची, तेव्हाचं रे मार्केट. जोतीरावांनी नगरपालिकेत या खर्चाला विरोध केला होता, पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला म्हणून. आज मंडईला नाव त्यांचंच! भाजीवाल्या मावशींनी विचारलं, "काय देऊ?" म्हटलं, "काही नको, नुसत्या फिरतोय." त्या हसल्या, मेथीच्या जुड्या सरकवून जागा केली. पहाटेपासून बसलेल्या. म्हणाल्या, "घरी जाईस्तोवर पाणी जपून पिते गं, जायचं कुठं?" मुतारीचा प्रश्न आपल्या निवेदनांत शेवटच्या ओळीत असतो, तो आधी घ्या, असं मी सुचवते.

पुढची फेरी रात्री नऊला आहे. मावशी येणार आहेत, फक्त त्यांच्या शेवटच्या बसची वेळ कुणीतरी विचारून ठेवा.