दोन दारे आणि एक प्रश्न



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी अक्षरे गिरविली, त्या शाळेने आपल्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ बोलण्यासाठी मला पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. सारा जन्म मराठी शिकविण्यात गेला. तेव्हा संतवाङ्मयावर काही बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु दरवर्षी बारावीचा निकाल लागला की माझ्या घरी पालक येतात ते तुकोबांविषयी विचारण्यासाठी नव्हे. ‘सर, मुलाला युनिव्हर्सिटीत घालू की खाजगी कॉलेजात?’ हाच त्यांचा प्रश्न असतो. आज त्यावरच बोलावे असे मी ठरविले आहे.

भाषेचा शिक्षक असल्याने प्रथम शब्दाकडे वळतो. आपल्या बडोदे संस्थानात ‘खानगी’ म्हटले की राजवाड्याच्या खर्चाचे खाते डोळ्यांसमोर येई. आज गुजरातीत तोच शब्द खाजगी शाळा-कॉलेजांना लावला जातो. शब्द तोच, अर्थ मात्र केवढा बदलला! सयाजीराव महाराजांनी 1881 मध्ये बडोदे कॉलेज काढले, 1890 मध्ये कलाभवन सुरू केले, 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो संस्थानभर नेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले तेही याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. 1949 मध्ये आपले विद्यापीठ उभे राहिले ते या पायावर. शिक्षणाचा खर्च हा राज्याचा धर्म आहे, ही आपल्या गावची परंपरा होय.

परंतु म्हणून ‘खाजगी’ तेवढे वाईट, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज 1885 मध्ये निघाले, ते सरकारने नव्हे. आगरकर, गोखले यांच्यासारख्यांनी तुटपुंज्या वेतनावर आपली उमेदीची वर्षे तेथे वेचली. त्या काळी ‘खाजगी’ याचा अर्थ होता लोकांनी, लोकांच्या वर्गणीतून चालविलेले. त्या खाजगीपणात शिक्षक देत होता. पुढे जो खाजगीपणा आला त्यात विद्यार्थ्याकडून घेण्याची रीत पडली.

ही रीत किती वाढली होती हे 1992 मधील मोहिनी जैन खटल्याने सर्वांसमोर आले. कर्नाटकात खाजगी वैद्यकीय महाविद्यालयातील सरकारी जागेची वार्षिक फी 2,000 रुपये, राज्यातील इतर विद्यार्थ्यांना 25,000 आणि राज्याबाहेरच्यांना 60,000 रुपये, असा तो हिशेब होता. सर्वोच्च न्यायालयाने देणगीशुल्क बेकायदा ठरविले. 1993 मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा गुणवत्तेवर सरकारी दराने आणि निम्म्या अधिक फीच्या, अशी योजना घालून दिली गेली. 2002 मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती योजना रद्द केली, संस्थांना फी ठरविण्याची मोकळीक दिली. मात्र नफेखोरी आणि देणगीशुल्क यांवरील बंदी कायम ठेवली.

कायदा मी आपल्याला सांगतो आहे खरा. तो मी स्वतः कसा पाळला तेही आता सांगितले पाहिजे.

1994 साली माझ्या मुलाला इथल्या अभियांत्रिकीचा प्रवेश थोड्या गुणांनी हुकला. देणगीच्या विरोधात मी वर्गात आणि सभांतून बोलत आलो होतो. तरीही शेजारच्या राज्यातील एका खाजगी कॉलेजच्या कचेरीत मी जाऊन बसलो. भविष्यनिर्वाह निधीतून उचललेली रक्कम माझ्या पिशवीत होती. फीची पावती मिळाली. उरलेल्या रकमेची मिळाली नाही, आणि मीही ती मागितली नाही. बाहेर आल्यावर मुलगा काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

परतल्यावर, ज्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्या सरांना मी हे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, “अरे, धाकटीसाठी काय ठेवलेस?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. दोन वर्षांनी मुलीने पुण्याला शिकायला जाण्याची इच्छा बोलून दाखविली, तेव्हा मी तिला म्हणालो, “घरचे विद्यापीठ काय वाईट आहे?” वाक्य खरे होते, कारण खोटे होते. पैसे संपले आहेत, हे मी तिला सांगितले नाही. ती इथेच विज्ञान शिकली आणि चांगली शिकली. मुलगाही आपल्या पायांवर उभा आहे. दोघांचेही काही बिघडले नाही. परंतु एकासाठी निवड मी विकत घेतली आणि दुसरीची निवड तिला न सांगता मोडीत काढली, हे विसरता येत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी पाटी पाहू नका असे सांगतो. सरकारी संस्थांतही शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, आणि अधिक फीचे अभ्यासक्रम तिथेही चालतात. उलट, काही खाजगी संस्था मनापासून शिकवितात. तेव्हा चौकशी करा. शिक्षक कायम आहेत की तासांवर? प्रयोगशाळेत विद्यार्थ्याचा हात उपकरणाला लागतो काय? ग्रंथालय संध्याकाळी उघडे असते काय? नोकरीचा सर्वांत मोठा पगार सांगतील, तर मधल्या विद्यार्थ्याला काय मिळाले ते विचारा. फी पहिल्या वर्षाची नव्हे, वसतिगृहासह सर्व वर्षांची मांडा. मूळ प्रमाणपत्रे कॉलेजने अडकवून ठेवू नयेत, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2018 चा आदेश आहे, तो ध्यानात ठेवा. आणि ज्या रकमेची पावती मिळत नाही, ती देऊ नका.

हे सारे झाल्यावर सरांचा प्रश्न स्वतःला विचारा: दुसऱ्यासाठी काय ठेवले? घरातल्या धाकट्या मुलीसाठी, आणि ज्याचा बाप पिशवी घेऊन कचेरीत जाऊ शकत नाही अशा मुलासाठीही. कारण आपण सुस्थितीतले लोक सरकारी कॉलेजकडे पाठ फिरवितो, तेव्हा तिथल्या रिकाम्या जागांबद्दल बोलणाराही कोणी उरत नाही.

यंदा नातीचा बारावीचा निकाल लागला. घरात मी, मुलगा आणि ती असे तिघे कागद घेऊन बसलो. तिच्या धाकट्या भावालाही मी मुद्दाम बोलावून घेतले. त्याला कंटाळा आला. तरी मी त्याला उठू दिले नाही. सरांना एवढेच उत्तर देणे मला जमले, तेही बत्तीस वर्षांनी.