विंचवावरची स्वस्त गोळी

राजापूर तालुक्यात गडग्याचे दगड हलवताना, लाकडं काढताना हात जपावा लागतो. चिऱ्याखाली तांबडा विंचू असतो. त्याचं विष हृदयावर जातं. दरदरून घाम, ओकारी, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात पाणी. लहान मुलं यात पटकन दगावत.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रात्ररात्र रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी ठेवल्या, आणि पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी विंचूदंशावर वापरून पाहिली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस जात, ते प्रमाण त्यांच्या नोंदींत एकाच्या आसपास आलं. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की ही स्वस्त गोळी खेड्यातल्या साध्या केंद्रातही देता येते.

पण केंद्र गाठलं तर! वाडीपासून डांबरी रस्ता लांब असला की मांत्रिकाचं दार जवळचं वाटतं, आणि तिथे गेलेला तास जिवावर बेततो. १०८ क्रमांक फिरवा, त्या रुग्णवाहिकेला पैसे पडत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारही मोफत आहेत. विंचू किती वाजता चावला, तेवढं मात्र डॉक्टरांना नक्की सांगा.