पांचवी चिमणी
(दुष्काळनिवारण कमिटीच्या वार्षिक सभेंत केलेलें भाषण)



कमिटीचा अहवाल व जमाखर्च आपणांपुढें ठेवण्यांत आला आहे. आंकडे सांगण्याचें काम चिटणीसांनीं केलें. त्या आंकड्यांमागील माणसांविषयीं चार शब्द बोलण्याचें काम आमच्याकडे आलें आहे. त्यासाठीं आम्हीं ख्रिस्ती शास्त्रांतील एक विषय घेतला आहे. ईश्वराचें प्रेम मनुष्यजातीवर ढोबळ मानानें नसून एकेका मनुष्यावर वेगवेगळें आहे, हा तो विषय होय. या सभेंत सर्व धर्मांचे लोक आहेत, आणि कोणीं आपला धर्म बदलावा असा आमचा हेतु नाहीं. परंतु दुष्काळांत काम करणाऱ्यांच्या हातून जी एक चूक हटकून होते, तिजवर या शास्त्रांत नेमका इलाज सांपडतो, असें आम्हांस वाटतें.

ती चूक अशी. दुष्काळ आला म्हणजे माणसें मोजावीं लागतात. इतकीं गांवें, इतकीं कुटुंबें, इतकीं जनावरें. मोजल्यावांचून धान्य पाठवितां येत नाहीं, हें खरें. पण मोजतां मोजतां माणूस नाहींसा होतो आणि 'एकूण' तेवढी उरते. मग शेंकडा एकदोन माणसें राहून गेलीं तर आपण म्हणतों, एवढी घट धरावीच लागते. पोत्यांच्या बाबतींत हा हिशेब बरोबर आहे. माणसांच्या बाबतींत तो बरोबर आहे काय?

येशूच्या उपदेशांत बाजाराचा एक भाव आला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांत एका नाण्यास दोन चिमण्या मिळतात. लूकाच्या शुभवर्तमानांत दोन नाण्यांस पांच. हें नाणें तांब्याचें, रोमी लोकांच्या रुप्याच्या दिनाराचा सोळावा हिस्सा. आपल्याकडे 1957 पर्यंत रुपयाचे सोळा आणे होते, तसाच हा हिशेब. आतां व्यापारी मंडळींच्या लक्षांत आलेंच असेल कीं, दोन नाण्यांस चारच चिमण्या व्हावयाच्या. पांचवी गिऱ्हाइकास वर घातलेली. तिची किंमत कांहींच नाहीं. आणि येशू सांगतो तें हेंच कीं, या पांचांतील एकीचाही ईश्वरास विसर पडत नाहीं. बाजारांत जिला भाव नाहीं, तिची नोंद ईश्वराच्या वहींत आहे. मग मनुष्याची कां नसावी?

दुसरा दृष्टांत मेंढपाळाचा. त्याचीं मेंढरें शंभर. त्यांतील एक हरवलें. शेंकडा एक तूट कोणताही शहाणा व्यापारी खर्चीं टाकील. हा मेंढपाळ तसें न करितां नव्याण्णव मागें ठेवून त्या एकासाठीं रान धुंडाळतो, आणि तें सांपडल्यावर खांद्यावर घेऊन घरीं येतो. व्यवहाराच्या दृष्टीनें हा वेडेपणा आहे. पण प्रत्येक बाप आपल्या मुलांच्या बाबतींत हाच वेडेपणा करितो. चार मुलांपैकीं एक जत्रेंत चुकलें तर तीन शिल्लक आहेत, असें समाधान कोणी मानीत नाहीं. ख्रिस्ती शास्त्रांत ईश्वरास बाप म्हटलें आहे, त्याचा अर्थ आम्ही असा समजतों.

यावर कोणी म्हणेल, बापाचें प्रेम आपल्या मुलांवर असावयाचें, परक्यांचें काय? याचें उत्तर जुन्या करारांतील योनाच्या ग्रंथांत आहे. निनवे हें अश्शूरी लोकांचें शहर, म्हणजे योनाच्या स्वजनांच्या शत्रूंचें. त्या शहराचा नाश टळला म्हणून योना रुसून बाहेर जाऊन बसला. त्याजवर छाया करणारा एक वेल रात्रींतून सुकला, तेव्हां तो त्या वेलासाठीं हळहळूं लागला. तेव्हां ईश्वरानें त्यास विचारिलें कीं, जो वेल तूं लावलाही नाहींस त्याची तुला कींव येते. मग ज्या शहरांत एक लक्ष वीस हजारांहून अधिक अजाण जीव आहेत, आणि पुष्कळ गुरेंढोरेंही आहेत, त्याची मला कींव येऊं नये काय? ग्रंथ या प्रश्नावरच संपतो. योनाचें उत्तर त्यांत दिलेलें नाहीं. तें देण्याचें काम वाचणाऱ्यावर सोंपविलेलें दिसतें. शत्रूंच्या गुरांचीही ज्यास आठवण आहे, त्याच्या प्रेमास कोणत्या जातीची शीव घालावी?

शीव घालण्याचा यत्न मात्र एका शास्त्रवेत्त्यानें, म्हणजे आमच्याच धंद्याच्या मनुष्यानें, केला. शेजाऱ्यावर प्रेम करावें हें त्यास मान्य होतें. त्यानें येशूस फक्त व्याख्या विचारिली, शेजारी कोणास म्हणावें? वकिलाचा प्रश्न असाच असतो. व्याख्या ठरली कीं तिच्या बाहेरील मनुष्याचें देणें चुकतें. येशूनें व्याख्या दिली नाहीं, गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या वाटेवर एक मनुष्य लुटला जाऊन पडला होता. याजक व लेवी त्यास टाळून गेले. यहुदी लोक ज्यांस परके मानीत त्या शोमरोनी लोकांपैकीं एक मात्र थांबला; त्यानें जखमा बांधिल्या, त्यास उतारशाळेंत नेलें, दोन दिनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी मालकाच्या हातीं दिली, आणि अधिक लागेल तें परत येतांना फेडण्याचें कबूल केलें. याचा अर्थ, एका अनोळखी माणसासाठीं त्यानें खातें उघडें ठेविलें.

येथें आम्हांस आमचा स्वतःचा एक दोष सांगितला पाहिजे. गेल्या उन्हाळ्यांत धान्यवाटपाच्या ठिकाणीं एक बाई रिकामी पिशवी घेऊन उभी होती. यादींत तिचें नांव नव्हतें. नवरा वारलेला, वारसाची नोंद झालेली नाहीं, सातबाऱ्यावर दिराचें नांव. आणि आमची यादी सातबाऱ्यावरून केलेली. स्वयंसेवकानें नियमाप्रमाणें तिला परत पाठविलें. तो नियम आम्हींच लिहिला होता व त्या यादीवर सहीही आमचीच होती. संध्याकाळीं ही गोष्ट आमच्या कानावर आली. दुसरे दिवशीं शोध केला, तों ती दोन मुलांस घेऊन गांव सोडून गेली होती. कोणी म्हणे ऊसतोडीस, कोणी म्हणे मुंबईस. आमचें सारें आयुष्य कागद वाचण्यांत गेलें. पण ज्याचें नांव कागदावर नाहीं, तो माणूस आम्हांस दिसत नव्हता. या अहवालाची बेरीज बिनचूक आहे. ती बाई मात्र त्या बेरजेंत नाहीं.

हिशेब ठेवूंच नये, असें मात्र कोणीं समजूं नये. सम्राट क्लौद्याच्या कारकीर्दींत दुष्काळ पडला, तेव्हां अंत्युखिया येथील शिष्यांनीं प्रत्येकानें आपापल्या ऐपतीप्रमाणें वर्गणी काढून यहूदियांतील बांधवांस पाठविली, असें प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलें आहे. पुढें यरुशलेमेसाठीं पौलानें मोठी वर्गणी जमविली, तेव्हां कोणास दोष देण्यास जागा राहूं नये म्हणून विश्वासू माणसें बरोबर घेतलीं. चोख हिशेब हा प्रेमाचाच एक भाग आहे. पण तो त्याचा आरंभ आहे, शेवट नव्हे.

आपल्या महाराष्ट्रांत हें सत्य आचरून दाखविणारी बाई होऊन गेली. पंडिता रमाबाईंचे आईबाप 1874 सालीं दुष्काळाच्या हालांत गेले. त्याच रमाबाई 1896–97 च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत गेल्या आणि शेंकडों निराश्रित मुली व विधवा त्यांनीं आपल्या आश्रयास आणिल्या. केडगांवचें मुक्तिसदन त्यांतून वाढलें. जिला दुष्काळानें पोरकें केलें, तिनेंच पोरक्यांस घर दिलें.

आतां विनंति. व्यापारी बंधूंनीं ऐपतीप्रमाणें द्यावें, आणि शेंकडा एक घटीची रक्कम निराळी काढून तीही द्यावी. यादीबाहेरील माणसांसाठीं ती वेगळी खातीं घालूं. जमीनदार बंधूंकडे आम्ही पैशांहून मोठी मागणी करितों. आपल्या शिवारांत राबणारा भूमिहीन मजूर कोण, तोंडी वाट्यानें कसणारा कोण, वारसनोंद न झालेली विधवा कोण, हें तलाठ्याच्या दप्तरांत नाहीं; तें आपणांस ठाऊक आहे. येत्या पंधरा दिवसांत तीं नांवें एकेक करून आम्हांस लिहून पाठवावीं. त्यांचे वारसाचे अर्ज फी न घेतां लिहून देण्याचें काम आम्ही अंगावर घेतों.

पुढील वर्षीं हा अहवाल निघेल तेव्हां त्याच्या शेवटीं नांवांचें एक पान जोडलेलें असावें, आणि गेल्या उन्हाळ्यांत आमच्या दारांतून परत गेलेल्या त्या बाईचें नांव त्या पानावर पहिलें असावें, एवढीच आमची इच्छा आहे. तें नांव आज आम्हांस ठाऊक नाहीं. ज्यास ठाऊक आहे, त्याच्यापुढें आपणां सर्वांस एक दिवस हिशेब द्यावयाचा आहे.